एका पायाची पाहणी

नथ्थूने पाय उलटा करून मांडीवर घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. बाहेरच्या कडेचे रबर झिजले होते. आतल्या कडेचेही.

तो थांबला. धुळ्याच्या कार्यशाळेत नऊ वर्षे त्याने अॅल्युमिनियमचे कृत्रिम पाय ठोकले होते, मोडून परत आलेले शेकडो पाहिले होते. चालणारा एकाच बाजूला झुकतो. दोन्हीकडे झुकलेला पाय त्याने पाहिला नव्हता.

रकाना १. लाभार्थी : झुंबरबाई, कोकणा जमात, वय अंदाजे चाळीस. उजवा पाय, गुडघ्याखाली.

रकाना २. पाय कोठे दिला : पिंपळनेर शिबिर, आठ महिन्यांपूर्वी.

रकाना ३. मुदतीआधी झिजण्याचे कारण :

पेन तिथेच अडले. तीन वर्षे चालायचा पाय होता.

"जरा चालीसन दखाड, अक्का."

झुंबरबाईने पाय बांधला, कुडाच्या घराला एक फेरी घातली आणि परत ओट्यावर बसली. भार बाहेरच्या कडेवर पडत होता. स्पष्ट. मग आतली कड कोणाची?

त्याने पट्टा हातात घेतला. कार्यशाळेत पाडलेल्या भोकापासून दोन बोटे आत आणखी एक भोक होते, तापल्या खिळ्याने पाडलेले.

"हाई भोक कोनी पाडं?"

"मी."

"तुले त घट्ट व्हई."

तिने अर्जाकडे पाहिले.

"लिखशी का?"

"पहिले सांग त खरं."

"लिखशी त नाव काटतीन. शिबिरमा भोंग्यावर सांगेल व्हतं सायेबनी. पाय दुसरले दिना, का नाव गयं."

नियम तसाच होता. नथ्थूने पेनाला टोपण लावले, खिशात ठेवले.

"ताईबाई," ती म्हणाली. "नदीना पल्याड ऱ्हास. गाडानं चाक गयं तिना पायवरथून. उजवाच."

"मंग शिबिरले का नही उनी?"

"मोटारना रस्ता चार कोस. मले नवरानी झोळीमा नेलं. तिले कोन शे?" मग तिला हसू आले. "पाय लेवाले येवाले बी पाय लागस ना भाऊ! तुम्हना सायेबले सांग."

नथ्थूलाही हसू आले. पण त्याचे डोके दुसरीकडेच लागले होते. तो पुढे सरकला.

"तू पाय तिले देस. मंग घर कशी येस?"

"येस नही. तठेच ऱ्हास. आठ दिन."

"आठ दिन?"

"ती वावरमा राबस, लाकडं आनस. मी तिनी चूल संभाळस. मंग मी पाय घालीसन मना घर येस."

"आनि ती?"

"ती बसी ऱ्हास. मी पाय लई परत जाईलोंग."

नथ्थूने धुळीत बोटाने दोन घरे काढली, मध्ये नदी ओढली. एक खडा या घरातून त्या घरात नेला, परत आणला. दोनदा करून पाहिले. हिशेब जुळत होता. कुठेही चूक नव्हती, फक्त एकजण कायम बसलेली.

"हाऊ लई जाशी?" तिने विचारले. बोलताना तिचा हात पायावर होता.

जुना पाय जमा केल्याशिवाय नवा मंजूर होत नसे, आणि नवा यायला दीड महिना लागे. नागलीची, म्हणजे नाचणीची, लावणी तोंडावर होती. नथ्थूने पिशवीतून मापाची टेप काढली.

"ये, माप लेतस. नवा करी देस तुले."

ती मागे सरकली.

"मनं नको. तिनं ले."

"अर्ज तुना नावना शे, अक्का."

"नाव मनंच लिख. माप तिनं ले. मले हाऊच पुरी, तळवा बसाडी दे."

"आनि हाऊ तुटना त?"

"तुटना त तुटना." ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. "आठ महिना व्हई ग्यात. आम्ही दोन्हीजनी एक डाव बी संगे चालनूत नही. मी चालू, त ती बसेल. ती चाले, त मी. एक डाव बाजारले संगे जाऊत. मंग तुटना तरी चाली."

नथ्थूने पिशवीतला रबराचा तुकडा काढला, कापला, सोल्यूशन लावून तळव्यावर दाबला आणि दगडाने ठोकला. तो वाळेपर्यंत हाताने दाबून धरला. मग त्याने पेनाचे टोपण काढले.

रकाना ३. मुदतीआधी झिजण्याचे कारण : चालणे.

रकाना ४. जुना पाय जमा केला काय :

रकाना ५. नव्या पायाचे माप : (नदीपलीकडे घ्यावयाचे.)

चौथ्या रकान्यावर पेन पुन्हा थांबले. त्याने मान वर केली तेव्हा ओटा रिकामा होता. झुंबरबाई पाय बांधून नदीच्या उताराला लागली होती, निम्म्यावर पोचलीही होती.

"ये ना भाऊ!" तिने खालून हाक मारली. "का तुले बी झोळीमा लई जाऊ?"