काळुरामचं मखमली छत

हमरापुरात गणपतीचे डोळे आखणारे खूप, पण आपल्याच हातावर काळुरामइतका भाळलेला दुसरा नाय. त्याच्या वीस वर्षं जुन्या गाडीच्या छताचं कापड आतून सुटून गाभण म्हशीच्या पोटासारखं लोंबत होतं. बायको मैना शिमग्याला वरसे गावी माहेरी गेली, ती बजावूनच. "छत नीट करा, मगच न्यायला या. डोक्यावर फडकं घेऊन मी त्यात बसायची नाय."

पेणच्या सीटकव्हरवाल्या लतीफने फुकट अक्कल दिली. "छताचा पुठ्ठा खाली उतरव, काळुभाऊ. कापडामागचा फोम कुजून पीठ झालाय. तो ब्रशने पार घासून काढ, मग नवं चिकटव."

"लतीफभाई, मूर्तीला तडा गेला तर आम्ही मूर्ती घासत नाय, वरून लेप देतो. मला चिकटवायला शिकवतोस?"

आणि दिला की लेप! पुठ्ठा उतरवायचा कंटाळा, म्हणून सीटवर उताणा पडूनच कारखान्यातला पांढरा डिंक थापला. निम्मा छताला, निम्मा मिशीला. त्यावर देवाच्या शेल्याची उरलेली लाल मखमल, कडेने सोनेरी लेस. आत अगदी मखर झालं. देव तेवढा नव्हता, ती जागा काळुरामने स्वतःच घेतली.

चैताचं ऊन डोक्यावर घेऊन तो वरशाला पोचला. मैनेची वहिनी नूतन खिडकीतून आत डोकावली आणि तिथंच गुणगुणली,

"मखमलीचं गो आभाळ, त्याला सोन्याची किनार,
भावजींच्या फुशारकीला टेकू कोण गो देनार?"

मैनेने छताला बोट लावलं. बोट आत गेलं.

"हे फुगलंय कशानं?"

"हवा हाय गो. बसेल आपोआप."

ती पिशवी घेऊन आत बसली. घरची ओढ तिलाही होतीच, पण तसं बोलून दाखवील ती मैना कसली!

वाटेत निडी गाव आलं आणि लेस सुटली. पाठोपाठ अख्खी मखमल, पिवळ्या भुग्यासकट, तिच्या तेल लावलेल्या केसांवर आणि मोगऱ्यावर कोसळली. काळुरामला रस्ता दिसेना. गाडी बांधाला टेकली.

मखमलीखालून आवाज आला, "झालं विसर्जन?"

पदर झटकत ती उतरली, पिशवी उचलली आणि थेट स्टेशनाकडे निघाली. तो मागोमाग.

"मैना, अगो, लोक हसतील!"

"मग तोंड धुवा आधी. हळद लागल्यागत दिसताय."

स्टेशनावर त्याने पेणची दोन तिकिटं काढली.

"दुसरं कोणाला?"

"मी पन येतो तुझ्यासंगती."

"आणि तो उकिरडा लोकांच्या बांधावर टाकून? दुपारची कोंबडीपन त्यात बसायची नाय." पेणकडची गाडी फलाटाला लागत होती. मैनेने त्याच्या हातातलं एक तिकीट ओढून घेतलं. "जा, घेऊन या सावकाश. मी पुढं जाऊन भात टाकते."