दिलेला बॉल

चौथ्या वर्षीही देशाचा संघ हरून परत आला, तर या खेपेला दोष कशाला द्यायचा हे अजून कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी कापड होतं. तिकडच्या पूल-टेबलांवरचं कापड म्हणे इतकं गुळगुळीत, की बॉल थांबायचं नाव घेत नाही. दुसऱ्या वर्षी बॉल, ते म्हणे वजनाला वेगळे. तिसऱ्या वर्षी झोप. प्रवासात झोप नाही, झोप नाही म्हणून नेम नाही, आणि नेम नाही म्हणून निकाल नाही. तिच्या सासऱ्यांनी तिन्हींचा बंदोबस्त केला होता. आपल्या हॉलमधल्या एका टेबलावर नवं कापड चढवलं, बॉलचा नवा संच मागवला, आणि संघ स्पर्धेच्या चांगला आधी तिथं जाऊन पोचला.

“आता झोपाच काढायच्या,” तिचे धाकटे दीर म्हणाले होते. “झोपेत तरी कुणी हरवत नाही.”

देशाचा संघ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बसभर माणसं येतात. हे तिघंच होते. बिलियर्डसारखा हा पूल खेळणारे देशात पुष्कळ, पण नेटानं खेळणारे सगळे घडले ते सासऱ्यांच्या हॉलमध्ये, टायरच्या दुकानावरच्या चार टेबलांवर. कप्तान धाकटे दीर. दुसरे ‘डॉक्टर’. हे गृहस्थ कवळ्या बनवायचे, आणि डॉक्टर म्हटलेलं त्यांना मनापासून आवडायचं. तिसरी ती, थोरली सून. संघात एक बाई हवीच असा स्पर्धेचा नियम होता. आणि प्रशिक्षक अर्थात सासरे. “संघ आहे की घरचं कार्य?” असं कुणीतरी चिडवलं होतं, तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मी मुलीकडचा.”

निघताना संघटनेचे सचिव निरोप द्यायला आले होते. एक तरी लढत जिंका, म्हणाले. नाहीतर पुढच्या वर्षी थेट बोलावणं नाही. आधी पात्रता फेरी खेळायची, मग काय ते. सासूबाई दारात उभ्या होत्या, कडेवर तिची दहा महिन्यांची लेक. “या खेपेला सांभाळते हो मी,” त्या म्हणाल्या. “पुढचं पुढं बघू.” त्या वाईट बोलल्या नव्हत्या. पण ‘पुढचं पुढं बघू’ ह्याचा अर्थ तिला कळत होता. जिंकून आली तर पुढचं काही असणार होतं.

त्या हॉलमध्ये एक रीत होती. खेळ साधा. एक ते नऊ नंबरचे बॉल पांढऱ्या बॉलनं क्रमानं मारायचे आणि नऊ नंबर ज्यानं टेबलाच्या पॉकेटमध्ये घातला, फ्रेम, म्हणजे तो डाव, त्याची. पण समोरचा शेवटच्या नऊ नंबरवर आला, आणि बॉल सोपा असला, की तो मारू द्यायचा नाही. खुर्चीतूनच म्हणायचं, “दिला.” आणि आपला क्यू, म्हणजे खेळायची काठी, मधल्या जोडावर फिरवून त्याचे दोन भाग करायचे. हरणाऱ्यानं कबूल केलंय, तर त्याच्या डोळ्यांदेखत शेवटचा घाव घालू नये, असं सासऱ्यांचं म्हणणं. ‘दिला’ न म्हणता ताटकळत बसणारा हावरट, आणि दिलेला बॉल मारून घेणारा त्याहून हावरट.

ती कॉलेजात असताना पहिल्यांदा तिथं आली होती, तेव्हा तिनं दिलेला नऊ नंबर सरळ मारून टाकला होता. चारही टेबलांवरचा आवाज बंद झाला. कोपऱ्यातला एक उंच मुलगा हळूच येऊन म्हणाला, “इथं मारत नाहीत तो.” पुढं त्या मुलाशीच तिचं लग्न झालं, आणि रीतही अंगात मुरली. इतकी, की आता समोरचा नऊ नंबरवर वाकला की तिचे हात आपसूक क्यूच्या जोडावर जायचे. टीव्ही बघता बघता मटार सोलावेत तसे.

स्पर्धेचा हॉल थंड होता, आणि उजेड फक्त टेबलांवर. पहिल्या दिवशी पंचांनी सगळ्या संघांना एकत्र बसवून नियम सांगितले. त्यातला एक असा, की निर्णायक फ्रेममध्ये समोरचा खेळत असताना कुणी क्यूचा जोड सोडवला, तर त्यानं हार पत्करली असं धरलं जाईल.

“हरल्यावरच सोडवणार ना माणूस,” डॉक्टर पुटपुटले. तिघांनीही माना डोलावल्या. नियम आपल्या घरचाच वाटला त्यांना.

पहिली लढत गेली. दुसरीही गेली. दुसऱ्या लढतीत ती बाकावर बसून डॉक्टरांचा खेळ बघत होती, आणि बघण्याची तिला सवयच होती. बाळ झाल्यापासून तर ती सगळंच बघायची, छाती वरखाली होते आहे का, नाणं जमिनीवर पडलंय का, गॅलरीचं दार ओढलंय का. तिच्या लक्षात आलं ते असं: डॉक्टर नऊ नंबरवर वाकले, आणि समोरचा खेळाडू खुर्चीतून उठला. बसला नाही, उठला. क्यूच्या टोकाला खडू लावत उभा राहिला, जणू डॉक्टरांचा बॉल जाणारच नाही. तिला आधी वाटलं, काय उद्धट माणूस आहे. मग डॉक्टरांचा बॉल खरंच गेला नाही. तो माणूस दोन पावलांत टेबलाशी होता.

ती मग सगळ्याच टेबलांकडे बघत राहिली. कुठलाही देश असो, नऊ नंबर पडेपर्यंत कुणीच क्यू सोडवत नव्हतं. कुणी कुणाला काही देत नव्हतं. आणि यांचे तिघं? समोरचा नऊ नंबरवर आला की यांचे खांदे पडायचे, हात जोडाकडे जायचे. स्वतः नऊ नंबरवर आले की वाकण्याआधी क्षणभर समोरच्याकडे बघायचे. ‘दिला’ ऐकू येईल म्हणून. ते आलं नाही की घाईघाईनं मारायचे, आणि तोच चुकायचा. इतकी वर्षं आठ बॉलांचा सराव झाला होता. नवव्याचा कुणी केलाच नव्हता.

संध्याकाळी हॉटेलच्या खाली चहा घेताना तिनं विषय काढला.

“बाबा, ते लोक शेवटचा बॉल देत नाहीत.”

“बघितलं मी,” सासरे म्हणाले. “वळण नाही.”

“नाही, म्हणजे आपणही या खेपेला… थांबावं का? पडेपर्यंत?”

सासऱ्यांनी कपात साखर ढवळली. ढवळून झाली तरी ढवळत राहिले. “सूनबाई, हरणं-जिंकणं होत राहतं. माणसानं बसावं कसं, हे एकदाच शिकायचं असतं.”

धाकटे दीर तिच्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, राहू द्या वहिनी. तिनं राहू दिलं. बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं, आणि ती नुसती कपात बघत बसली.

खोलीत येऊन तिनं घरी फोन लावला. पडद्यावर लेकीचा अर्धा गाल, सासूबाईंची साखळी आणि छताचा पंखा दिसत होता. “ती बघ आई, आई बघ,” सासूबाई म्हणत होत्या. लेकीनं पडद्याकडे एकदा बघितलं, आणि साखळी तोंडात घातली. “इथं काही अडत नाही हो,” सासूबाई म्हणाल्या. “तू तुझं बघ.” तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. न्हाणीघरात जाऊन तिनं दूध बेसिनमध्ये पिळून टाकलं, नळ सोडला, आणि पांढरं पाणी जाळीतून जाताना बघत राहिली.

तिसरी लढत शेवटची होती. डॉक्टर जिंकले, स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारखे. कप्तान हरले. एक-एक बरोबरी, आणि निकाल तिच्या सामन्यावर. समोर करड्या शर्टातली, तिच्याच वयाची बाई. आधी पाच फ्रेम जिंकेल तिचा सामना. चार-चार झाले.

निर्णायक फ्रेमच्या आधी ती स्वतःशी म्हणाली, हात मांडीखाली घालून बसायचं, बास. बाळ पाळण्यात ठेवताना श्वास धरतो तसं. पडेपर्यंत हलायचं नाही.

फ्रेम लांबली. सहा नंबरवर तिची चूक झाली आणि करडा शर्ट टेबलाशी आला. सहा गेला. सात गेला. आठ, लांबून, काय सुंदर गेला. पांढरा बॉल सावकाश येऊन नऊ नंबरच्या मागं उभा राहिला. सरळ रेष, कोपऱ्याचं पॉकेट, हातभर अंतर. घरच्या हॉलमध्ये कुठलंही पोर तो बॉल मारेल. घरच्या हॉलमध्ये कुठल्याही पोराला तो बॉल मारावा लागणार नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. सासरे असतील. तिला हॉल आठवला, कोपऱ्यातला उंच मुलगा आठवला, मग लेकीचा अर्धा गाल, मग काहीच नाही. करडा शर्ट वाकला. क्यू मागं गेला, पुढं आला.

बॉल पॉकेटच्या एका ओठावर आपटला, दुसऱ्यावर आपटला, आणि तोंडाशी येऊन थांबला. फुंकर घातली तरी पडेल असा.

करड्या शर्टातली बाई सरळ उभी राहिली. तिनं आधी बॉलकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग हिच्या मांडीकडे. पंचही तिकडेच बघत होते. म्हणून हिनंही खाली बघितलं. मांडीवर क्यूचे दोन भाग शेजारी शेजारी पडले होते, नीट, टोकं एका बाजूला. हे कधी झालं ते तिला आठवत नव्हतं. हातांनी तिला विचारलंच नव्हतं.

पंच जवळ येऊन नियमाचं काहीतरी म्हणाले. सामना संपला होता. करड्या शर्टातल्या बाईनं हात पुढं केला आणि ‘सॉरी’ म्हणाली, अगदी हळू, खरंच वाईट वाटल्यासारखं. तिनं हात हातात घेतला, सोडला. शर्ट पुढून ओला झालाय हे तिला तेव्हा कळलं. या वेळी घरी लेकीला पाजायची वेळ असायची. तिनं जाकीट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली.

परतीच्या वाटेवर डॉक्टर म्हणाले, “ते कोपऱ्यातलं टेबल जरा उतरतं होतं. नाही?”

“मलाही वाटलं,” दीर म्हणाले.

सासरे खिडकीबाहेर बघत होते. “उजवीकडे,” ते म्हणाले. “किंचित.” थोड्या वेळानं म्हणाले, “पिल्लूसाठी खेळणं घ्यायचं राहिलं.”

असा या वर्षीचा दोष उताराला गेला. तिच्यावर कुणी ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं का, याचा तिनं विचार करून बघितला, पण विचार पुढं सरकेना.

घरी लेक सासूबाईंच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत राहिली, पाहुणीकडे बघावं तसं. “अगं आई आहे,” सासूबाई म्हणाल्या. लेक आली, पण लगेच नाही. तिला घेऊन ती कितीतरी वेळ तशीच उभी होती, पायातले बूटही न काढता. स्पर्धेचं सासूबाईंनी काही विचारलं नाही. पुढचं पुढं बघायचं होतं, ते आपोआप बघून झालं होतं.

काही दिवसांनी एका दुपारी ती हॉलवर गेली. गिऱ्हाईकं यायची होती. खाली टायरवाल्याचा हातोडा वाजत होता. सासरे उतार बघायची पाणसळ घेऊन टेबलांवरून फिरत होते. पाणसळ कापडावर ठेवायची, डोळा बारीक करून आतला बुडबुडा बघायचा, उचलून पुढं ठेवायची. चारही टेबलं सरळ होती. तरी ते परत पहिल्यापासून लागले.

“या वहिनी, एक फ्रेम होऊन जाऊ दे,” दीर म्हणाले. “हात गंजतील.”

खेळ नेहमीसारखा झाला. आठ नंबर तिनं घातला आणि पांढरा बॉल नऊ नंबरच्या मागं सरळ येऊन थांबला. कोपरा. हातभर अंतर.

“दिला,” दीर खुर्चीतून म्हणाले, आणि त्यांचे हात क्यूवर फिरले.

ती वाकलेली तशीच राहिली. “मारते मी.”

“अहो, दिला म्हटलं ना.”

“ऐकलं.”

पलीकडच्या टेबलावर पाणसळ ठेवल्याचा आवाज आला, आणि उचलल्याचा आला नाही. तिनं मान वर केली नाही. क्यू मागं घेतला, पुढं नेला. बॉल पॉकेटच्या ओठावर लागून बाहेर आला आणि टेबलाच्या मध्यावर जाऊन थांबला.

खाली हातोडाही थांबला होता. ती टेबलापासून बाजूला झाली, पण खुर्चीकडे गेली नाही. क्यूच्या टोकाला खडू लावत उभी राहिली.

“भाऊजी, तुमची पाळी.”

दीर हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत होते. मग त्यांनी वडिलांकडे बघितलं. सासरे पाणसळीवर वाकलेले होते, बुडबुडा मधोमध होता, तरी ते बघतच होते.

“जोड की रे,” ते मान वर न करता म्हणाले. “ती उभी आहे.”