माडीवरचा कोपरा

देवळीच्या बाजारात बंडूजींचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर आणि माडीवर न खपलेल्या बादल्या-टोपल्या रचलेली एक खोली. त्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा खरं म्हणजे त्यांच्या बायकोचा, कोकिळाबाईंचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता गावात कोणालाही विचाराल तर तो बंडूजींचंच नाव घेईल.

झालं असं, की एका सकाळी कोकिळाबाई ओट्याशीच भोवळ येऊन पडल्या. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "गोळीनं अर्धंच काम होईल. रोज दहा मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं. जागा एकच, वेळ एकच. मग अंगाला आपोआप सवय लागते." कोकिळाबाईंना हसूच आलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून नुसतं बसा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पण बाईनं मनावर घेतलं. माडीवरच्या टोपल्या सरकवल्या, फरशी पुसली, जुन्या लुगड्याची घडी अंथरली. मुलगा गोपाल बुटीबोरीच्या कंपनीत जातो. त्याचा डबा भरून त्याला बसवर धाडलं, की त्या वर जाऊन बसायच्या. सुरुवातीला डोक्यात नुसता कालवा. दूध उतू गेलं का, मोटार बंद केली का. मग एक दिवस तो कालवा थांबला. श्वास घेताना आपलं नाक बारीक वाजतं, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं! त्या दिवशी खाली आल्या त्या गुणगुणतच, आणि आपण गुणगुणतोय हे त्यांना भाजी चिरताना ध्यानात आलं.

तेवढंच त्यांचं सुख. बायको जागेवर दिसत नाही म्हणून चहासाठी हाका मारत बंडूजी माडीवर गेले. हे काय नवीन खूळ, म्हणाले. मग, पाहू तर खरं, म्हणून स्वतःच बसले. आणि काय सांगावं, माणसाला गोडी लागली. दुसऱ्या दिवशी त्याच घडीवर हे हजर. "मी बसून घेतो, तू मंग बसजो," म्हणाले. तो 'मंग' काही उगवला नाही.

लुगड्याची घडी गेली, गुबगुबीत आसन आलं, उदबत्ती आली. मोबाइलवर पाहून पाहून नियमही आले. साधकाच्या आसनावर दुसऱ्यानं बसू नये. पहाटेची वेळ उत्तम. आणि पहाट म्हणजे नेमकी गोपालच्या डब्याची वेळ! त्या वेळात घरात आवाज नको, म्हणजे मोटार नको, मिक्सर नको आणि कुकरची शिटी तर मुळीच नको. मग कोकिळाबाई अंधारात उठून वरण कुकरऐवजी उघड्या गंजात शिजवू लागल्या. दूधवाल्यानं हॉर्न वाजवू नये म्हणून भांडं घेऊन आधीच फाटकात उभ्या राहू लागल्या.

दुसरीकडे कुठं बसायचं की बाईनं, असं तुम्ही म्हणाल. बसल्या होत्या न! देवघरापुढे बसल्या, मागच्या अंगणात बसल्या. डोळे मिटले रे मिटले, की दुकानातून हाक. चहा टाक, गिऱ्हाइकाले पाणी दे, सुट्टे हायेत का पाह्य. बंडूजींच्या दहा मिनिटांची राखण अख्खं घर करत होतं. बाईच्या दहा मिनिटांना कोणी वाली नव्हता.

इकडे बंडूजी पार बदलले. गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस, आता भाव पाडून मागितला तरी हसायला लागला. गाव तोंड भरून कौतुक करू लागलं. एका संध्याकाळी बाजारातले चार व्यापारी ध्यान शिकायला घरी आले. वहिनीही बसतात का, कोणीतरी विचारलं. "तिले जमत नाई," बंडूजी मायेनं म्हणाले. "बायकाइचं मन टिकत नाई एका जागी." कोकिळाबाई चहाचा ट्रे धरून तिथंच उभ्या होत्या. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण ट्रे सांडला नाही.

पुढच्या तपासणीला बंडूजी सोबत गेले. बीपी उतरायचं सोडून चढलं होतं. रोज बसता ना, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कोकिळाबाई तोंड उघडायच्या आत बंडूजींनीच सांगून टाकलं, की घरात ध्यान रोज होते, एक दिवस खाडा नाही. बाईंनी सहज म्हणून त्यांचंही बीपी पाहिलं. अगदी जवान माणसासारखं! मग त्या कोकिळाबाईंकडे वळून म्हणाल्या, यांच्याकडून शिका जरा.

"बाई," कोकिळाबाई म्हणाल्या, "औषध तुमी मले लिवून देल्लं. खाऊन हे राह्यले."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, गंमत केली. त्या हसल्या. बंडूजीही हसले. मग बाईंनी जास्त ताकदीची गोळी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंडूजी माडीवर गेले, आणि कोकिळाबाईंनी डाळ-तांदळाचा कुकर मोठ्या आचेवर चढवला. शिटी झाली. दुसरी झाली. तिसरीला सारं घर घुमलं. आता हे खाली येतील, ओरडतील, आणि मग आपणही बोलू. इतक्या वर्षांचं सगळं बोलू. त्यांनी पदर खोचला. ओठांवर पहिलं वाक्य तयार होतं.

बंडूजी जिना उतरून आले. तोंडावर हसू.

"पाह्य गोपालची माय," ते हळू आवाजात म्हणाले, "मले राग आला नाई. आधीचा मी असतो त कुकर फेकून देल्ला असता. पण आता येतच नाई राग." त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत वर निघून गेले.

कोकिळाबाईंनी गॅस बंद केला. ओठांवरचं वाक्य तसंच गिळलं. हक्काचं भांडणसुद्धा या माणसानं आपल्याला मिळू दिलं नाही, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी डबीतून नवी गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि गिलासभर पाणी प्याल्या. गिलास ओट्यावर टेकवताना त्यांचा हात आपोआप हलका झाला, वर आवाज जाऊ नये म्हणून.