फियाटखालची वाटी

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात वाळूचे पकडलेले टिप्पर उभे आहेत ना, त्यांच्या रांगेच्या शेवटी तोंड चेपलेली एक निळी गाडी तुम्हाला दिसेल. ती मी. मूळची फियाट, वयाने तुमच्या आजोबांपेक्षा थोडी लहान. टिप्पर अधूनमधून सुटून जातात आणि पुन्हा पकडून आणले जातात. त्यांचं येणं-जाणं चालूच असतं. मला न्यायला मात्र कोणी येत नाही.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. त्या काळी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावं लागे. गेवराईत भांड्यांचं दुकान चालवणारे ईश्वरप्पा असेच थांबले होते. मी दारात आले तेव्हा त्यांच्या पत्नी महादेवी यांनी माझ्या बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि मी त्या घरातली झाले.

ईश्वरप्पा भांड्यांवर नावं कोरण्यात पटाईत होते. ज्या संथ हाताने ते अक्षरं काढत, त्याच हाताने ते मला चालवत. गिअर कधी पडला ते मला कळतही नसे. दर कार्तिकी पौर्णिमेला आम्ही मन्मथस्वामींच्या दर्शनाला कपिलधारला जात असू. मागे महादेवी, त्यांच्या मांडीवर धपाट्यांचा डबा आणि शेजारी त्यांचा लहानगा वीरेश, खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेला. मांजरसुंब्याच्या पुढचा उतार लागला की ईश्वरप्पा माझ्या डॅशबोर्डवर थाप मारून म्हणत, "सावकाश, बाई." तेवढ्यानेच माझा ऊर भरून येई.

पुढे घरात नवी गाडी आली आणि मला दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं गेलं. माझ्या टपावर भांड्यांचे खोके चढले. गादीत उंदरांनी संसार थाटला. माझ्या काचेवरच्या धुळीत गल्लीतल्या पोरांनी काय काय लिहून ठेवलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. वाईट वाटायचं, पण कोणाला सांगणार?

मग ईश्वरप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. एके दिवशी त्यांनी उजवा हात उचलून शेडकडे दाखवला. "कपिलधार," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हिच्यात."

वीरेश आता दुकान सांभाळत होता. आप्पांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, पुढची कार्तिकी दिसेल की नाही, हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते. त्याने मला पुन्हा उभी करायचं ठरवलं. खिसा हलका, अनुभव शून्य. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि मिळतील ते पाने घेऊन भिडायचं, एवढीच तयारी. हमरस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा त्याचा मित्र सोमनाथ मला बघायला आला.

"भंगारात दे बे. लोखंड कमी आन् गंजच लई हाय."

"न्हाई. आप्पांला बसवायचंय हिच्यात."

"मग तुझं तूच शिक. माझ्याकडं हंगामाचे ट्रॅक्टर उभे हायती."

सुरुवात गुढीपाडव्याला झाली आणि घात तिथेच झाला. महादेवींनी पान्याला विभूती लावली आणि म्हणाल्या, "साडेतीन मुहूर्तातला दिस हाय. जे जे करायचं, त्या समद्याला आजच हात लाव. म्हंजी समदं तडीस जाईल."

दुकान, घर, विहीर, त्या घरात सगळं असंच सुरू झालं होतं. आईचा शब्द म्हणून वीरेश माझ्याभोवती फिरला. दाराचा एक स्क्रू, दिव्याचा एक, कार्ब्युरेटरचा एक नट, असं त्याने सगळीकडे थोडंथोडं ढिलं केलं. शेवटी पाठीवर झोपून माझ्या खाली सरकला आणि मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या नळीचा नट अर्धा फिरवला. तेवढ्यात जेवायची हाक आली. पुरणपोळी गरम होती. तो हात पुसत उठला.

मित्रांनो, मला रस्त्यावर काढेपर्यंत त्या नटाकडे तो पुन्हा वळला नाही.

उन्हाळा आणि पावसाळा माझ्यावर राबण्यात गेला. संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून त्याने कुठल्या तरी टॅक्सीचा दिवा आणला, माझ्या कुठल्या तरी बहिणीचं दार आणलं. पहिला रंग ओघळला, तो घासून पुन्हा दिला. मला शेडमधून ओसरीसमोरच्या फरशीवर काढलं होतं आणि आप्पांची खाट ओसरीवर हलवली होती. ते दिवसभर माझ्याकडे बघत पडून राहत. एकदा वायरी उलट जोडल्यामुळे दिवा लावला की भोंगा वाजू लागला, तेव्हा ईश्वरप्पा आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. तोंड एकाच बाजूला वळलं, पण हसू पुरतं होतं. वीरेश तिथेच उभा राहून लहान पोरासारखा रडला.

ब्रेकमध्ये नवं तेल भरलं, पेडल दाबलं, मी थांबले. ब्रेकचं काम झालं, असं त्याने धरलं. हातब्रेकची तार तुटलेली होती, ती नंतर बघू म्हणाला.

आणि मी गळू लागले. थेंब थेंब, मागच्या चाकाजवळ, स्वच्छ फरशीवर. महादेवींना डाग खपत नसे. नाव चुकीचं कोरलं गेल्यामुळे विकली न गेलेली एक वाटी दुकानात होती. महादेवी ती रोज रात्री माझ्या खाली ठेवत, पहाटे गटारात रिकामी करत आणि फरशी पुसून घेत. "पोरगं आत्ता कुठं हसाय लागलंय," त्या एकदा पुसता पुसता पुटपुटल्या. "एवढ्याशासाठी कशाला त्याच्या जिवाला घोर." किती मायेने पुसत होत्या त्या.

कार्तिकीच्या सकाळी वीरेशने वाकून माझ्या खाली पाहिलं. वाटी उचललेली होती, फरशी लख्ख कोरडी होती. तो अभिमानाने म्हणाला, "बगा आप्पा, एक थेंब गळत न्हाई."

मला भोंगा आहे, मित्रांनो, पण तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

ईश्वरप्पा पुढे वीरेशच्या शेजारी, महादेवी मागे. बीडपर्यंत सरळ रस्ता. ब्रेक फारसा लागलाच नाही. दोनदा लागला तेव्हा पेडल जरा खोल गेलं, पण जुन्या गाडीचं असंच असेल असं वीरेशला वाटलं. मांजरसुंबा मागे पडलं. उतार लागला आणि पेडल तळाला जाऊन बसलं. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. पुढे वळणावर यात्रेकरू चालत होते, खांद्यावर पोरं घेऊन. वीरेशच्या आधी ईश्वरप्पांना कळलं. त्यांचा उजवा हात माझ्या डॅशबोर्डवर आला.

"सावकाश, बाई," ते म्हणाले. शब्द अडखळले नाहीत.

मला थांबता आलं नाही. माणसांना वाचवायला वीरेशने मला पुलाच्या कठड्यावर घातलं. डावी बाजू आदळली. त्या बाजूला ईश्वरप्पा होते. कपिलधारची घंटा तिथून ऐकू येत होती.

ईश्वरप्पांचे दिवस झाल्यावर मायलेक या आवारात आले. वीरेशचा हात गळ्यात बांधलेला होता. महादेवी पुढची गादी पदराने पुसत होत्या, तेव्हा शिपायाने वीरेशला मागे नेऊन नळी दाखवली. "हा नट ढिला होता. ब्रेकचं तेल गळून गेलं." शिपाई निघून गेला.

महादेवी हळूहळू मागे आल्या. "वीरेश, हितं चाकाजवळ थेंब पडायचे. मी रातच्याला वाटी ठेवत होते अन् सकाळी सांडत होते. काय होतं रे ते?"

वीरेशने आईकडे पाहिलं.

"एंजिनाचं तेल, आई. जुन्या गाड्या गळत्यातच. त्यानं काय होत न्हाई."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि फाटकाकडे चालू लागल्या.

त्या दूर गेल्यावर वीरेश माझ्या चाकाजवळ बसला. पाना नव्हता. त्याने चांगल्या हाताच्या बोटांनीच तो नट फिरवला, घट्ट होईपर्यंत.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू पुन्हा उभी करावीशी वाटली तर जरूर करा, आम्हाला त्याचा फार आनंद होतो. पण एक खोला, ते घट्ट करा, मगच दुसऱ्याला हात लावा. रंग शेवटी द्या. आणि तुमच्या घरात कोणी मायेने अशी वाटी ठेवत असेल, तर त्यांना सांगा, की ती रिकामी करण्याआधी एकदा कोणाला तरी दाखवा.