शेवटची पेटी

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी कीर्ती आहे. पण माझ्याइतके सिनेमे पाहिलेला आणि त्यातल्या एकाचाही शेवट न पाहिलेला दुसरा माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही.

"झालं सुरू," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी चार वाजता पहिल्या खुर्चीत बसतात आणि माझं बोलणं उत्तरपत्रिका तपासावी तसं ऐकतात.

म्हणा, बाई. पण खरं आहे ते. तरुणपणी सात वर्षं मी रिळं वाहिली. तेव्हा सिनेमाची एकच प्रिंट दोन थेटरांत चालवायचे, एक पेठेत, एक कॅम्पात. पेठेत खेळ सहाला सुरू व्हायचा, कॅम्पात पावणेसातला. पेठेत पहिली चार रिळं दाखवून झाली की ती पत्र्याच्या पेटीत घालायची, सायकलच्या कॅरिअरला बांधायची आणि हाणायची सायकल. एकदा क्वार्टर गेटपाशी चेन तुटली. पेटी डोक्यावर, सायकल खांद्यावर, आणि मी पळत कॅम्पात हजर. सहा चव्वेचाळीस!

"मागच्या वेळी सहा एक्केचाळीस होते."

मागच्या वेळी वारा मागून होता, बाई.

तर सांगायचं ते हे, की पुढची पेटी तयार होईपर्यंत दाराशी उभं राहून मधली रिळं बघायला मिळायची. शेवट मात्र नाही. पेठेत शेवटची पेटी घ्यायला पोचायचो तेव्हा खेळ सुटलेला असायचा. ती कॅम्पात टाकली की तिथली पहिली पेटी उचलून पेठेत नऊच्या खेळाला पळायचं. मग शेवट कसा कळणार? मी सुटलेल्या खेळाचं पब्लिक बघायचो. खिदळत बाहेर आले तर लग्न झालं. विड्या पेटवत आले तर मारामारी झाली. मान खाली घालून आले तर हीरो गेला. सात वर्षांत हे गणित कधी चुकलं नाही, असं मी समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी संघाचा योगासनांचा मास्तर सोडून गेला आणि गुरुवार रिकामा पडला. मी म्हटलं, मी घेतो. सिनेमातून जीवनाचे धडे. एक सिनेमा सांगायचा, त्यातून एक बोध काढायचा. मधला सिनेमा खरा, शेवट माझ्या पदरचा. आणि बोध शेवटावर असतो, म्हणजे बोधही माझ्याच पदरचा. आपले सुखदेव इथे बसलेत. माझ्या एका गुरुवारनंतर अडुसष्टाव्या वर्षी ते पोहायला शिकले. त्या सिनेमातला हीरो बुडाला की तरला, मला आजही ठाऊक नाही.

सगळे हसले. सुखदेव जरा कमी हसले.

हसून घ्या. आज मी हसवायला उभा नाही. दत्तोबा आज आलेला नाही, तेवढ्यात सांगून टाकतो.

दत्तोबाला तुम्ही ओळखता. मूळचा इथलाच, जुन्या धायरीतला. आपल्या सोसायट्या उभ्या आहेत ती शेतं याच्या भाऊबंदांची. लेक पूर्णिमा. तिनं चार वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं आणि दत्तोबा लग्नाला गेला नाही. लेक विश्रांतवाडीला, बाप धायरीला. पुण्याची दोन टोकं. माणूस फार मोडला होता. एका गुरुवारी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "शामराव, जाऊ का वं पोरीकडं? रोज पिशवी घेतो, आन् स्टॉपवरून म्हागारी येतो."

पिशवी घेतली होती, हे ध्यानात ठेवा. माणूस निघाला होता.

पण त्या दिवशी मी सिनेमा ठरवून आलो होतो. स्टेशनमास्तर बाप, रागावून गेलेली लेक. बाप रोज संध्याकाळी पडवीत कंदील लावतो, लेकीनं कधी लांबून पाहिलं तर घर दिसावं म्हणून. इथपर्यंत मी स्वतः पाहिलेलं. पुढचं नाही. फक्त एवढं आठवत होतं, की खेळ सुटला तेव्हा पब्लिक डोळे पुसत बाहेर आलं होतं.

दत्तोबानं भर सभेत विचारलं, "बापानं हाक मारली का तिला?"

"नाही. नुसता कंदील लावला."

"आन् पोरगी आली?"

तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता. बाई, तुम्हीसुद्धा. मी म्हणालो, "आली."

आणि वर बोध दिला. माणसाच्या मागे धावू नका, दिवा लावा. आपलं माणूस उजेड बघून येतं. टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळपासून दत्तोबाच्या पडवीत बल्ब लागायला लागला. माझ्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून समोरच दिसतो. पहिले काही महिने मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो, "बघा, आमच्या गुरुवारचा प्रताप." एकदा दिवसभर लाईट नव्हती, तर पठ्ठ्यानं चार्जिंगची बॅटरी सुतळीनं टांगली. ते पाहिलं आणि मी पडदा ओढून घेतला. चहा संध्याकाळी गॅलरीत प्यायचो, तो आत प्यायला लागलो. सून म्हणाली, थंडी वाजते का? म्हटलं, हो. मे महिना होता.

मागच्या गुरुवारी मंदाकिनीबाईंनी बातमी आणली. पूर्णिमा त्यांची विद्यार्थिनी. नवऱ्याची बदली झाली, या रविवारी, म्हणजे आजपासून तीन दिवसांनी, दोघं बंगळूरला कायमची चालली. मी दत्तोबाकडे पाहिलं. तो हसत होता. म्हणाला, "आता येतीच बगा. सिन्मात बी शेवटालाच आली न्हवं?"

घरी जाऊन मी नातीला, अवनीला म्हटलं, हा सिनेमा कुठे मिळतो का बघ. पन्नास वर्षं मला सापडला नव्हता, तो तिनं दोन मिनिटांत मोबाइलवर काढला. शेवटची वीस मिनिटं लावली.

लेक येते. खरंच येते. कंदील लागलेला असतो. ती धावत पडवीत चढते, आणि कंदिलाची वात सारखी करत उभा असतो तो शेजारच्या घरातला माणूस. बाप पावसाळ्यातच वारलेला. बापाच्या कोटाच्या खिशात लेकीच्या गावचं तिकीट निघतं. तारीख चार वर्षांपूर्वीची.

पब्लिक डोळे पुसत का आलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

अवनी म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर मॉरल उलटंच सांगत होतात. तो नुसता वेट करत बसला, हाच तर त्याचा प्रॉब्लेम आहे ना!"

शिकलेली आहे. मी रात्रभर—

"श्यामराव, रात्र सोडा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पुढे काय केलंत?"

केलं, बाई. शुक्रवारी सकाळी गेलो दत्तोबाकडे. म्हटलं, दत्तोबा, मी खोटं बोललो. तो सिनेमा मी पुरता पाहिलाच नव्हता. ती आली, पण बाप नव्हता. दत्तोबानं एकदा बल्बकडे पाहिलं. मग उठला, पिशवी घेतली, पायात चपला घातल्या. आम्ही दोघं बसनं विश्रांतवाडीला गेलो. तिसरा मजला. पूर्णिमेनं दार उघडलं. ती एवढंच म्हणाली, "आबा, चहा टाकू?" आणि दत्तोबा दारातच बसला हो, खाली, लहान पोरासारखा. तेव्हापासून तिथंच आहे, सामान बांधायला मदत करतोय. म्हणून तर आज आला नाही.

टाळ्या पडल्या. सुखदेवांनी डोळे पुसले. मीही पुसले.

मंदाकिनीबाईंनी टाळी वाजवली नाही. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"विश्रांतवाडीला कुठली बस घेतलीत?"

नंबर आता कुणाच्या लक्षात राहतो, बाई?

"चेन तुटलेली मिनिटं लक्षात राहतात तुमच्या."

कुणी हसलं नाही.

"मी आत्ता त्यांच्याच दारावरून आले," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "दत्तोबा स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. जुना साठचा होता, आता शंभरचा लावतायत. म्हटलं, संघात येत नाही का? तर म्हणाले, रविवारपतूर घर सोडीत न्हाई, पोरगी आली आन् मी नसलो तर?" त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "श्यामराव, तुम्ही गेलाच नव्हतात."