समुद्राखालून लग्नाला निघालेली मोटार

मित्रांनो, मोटारीला राग येत नाही असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर त्याने सेड्रिकरावांची मोटार पाहिलेली नाही. ती मोटार म्हणजे मी. रंगाने हिरवी, वयाने म्हातारी, आणि मागे लांबलचक डिकी असलेली. माझा जन्म इंग्लंडमधल्या ज्या कारखान्यात झाला तो केव्हाच बंद पडला. आता तिथे फरशा विकणारे मोठे दुकान आहे. माझे इंजिन बसवणाऱ्या कामगाराने माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हटले होते, "ही पळणार बरं का!" त्याचे शब्द मी किती दिवस मनात धरून ठेवले होते, ते माझे मलाच ठाऊक.

पण माझ्या नशिबी आले सेड्रिकराव टॅप्सेल. केंट परगण्यातल्या फेव्हरशॅम गावचे राहणारे. आठवडाभर बँकेत नोकरी आणि उन्हाळ्यात दर शनिवारी गावच्या क्रिकेट सामन्यांत पंचगिरी. माणूस सज्जन, पण इतका सज्जन की त्यापायी माझ्या क्लचचे वाटोळे झाले. चौक आला की ते ब्रेक दाबत आणि समोरच्याला हात करत, "आधी तुम्ही." समोरचाही त्याच गावचा! तोही हात करी, "छे, छे, तुम्हीच." मग दोघे एकदम निघत, एकदम थांबत आणि एकमेकांची माफी मागत. माझ्या अंगात तेव्हा दमही होता आणि वेगही होता. पण मला कुणी विचारतच नव्हते.

तरीही मी काम चोख केले, हे सांगायलाच हवे. स्टंप, धावफलकाच्या पाट्या, चिखलाने भरलेले बूट, सगळे मी वाहिले. त्यांची मुलगी रॉझलिन, म्हणजे आमची रॉझ, हिचा जन्म झाला तेव्हा तिला दवाखान्यातून घरी मीच आणले. ती माझ्याच मागच्या सीटवर रांगली, माझ्याच मागच्या सीटवर ओकली आणि पुढे माझ्याच स्टिअरिंगमागे बसून गाडी शिकली. मोठी झाल्यावर ती फ्रान्सला इंग्रजी शिकवायला गेली आणि तिथल्या बास्तियें नावाच्या पाववाल्याच्या प्रेमात पडली. लग्न ठरले. दिवस शनिवार, वेळ दुपारी तीन, जागा त्यांच्या गावचे नगरभवन. तिकडे लग्न महापौर लावतात आणि शनिवारी एकामागून एक जोडपी उभी असतात. त्यामुळे वेळेवर पोहोचणे भागच होते.

लग्नाचा केक ग्वेनबाईंनी, म्हणजे सेड्रिकरावांच्या पत्नीने, स्वतः केला होता. सुक्यामेव्याचा, तीन मजली. महिनोन् महिने त्याला चमच्या-चमच्याने ब्रँडी पाजली होती. "हा केक मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही," असे त्यांनी जाहीर केले, आणि म्हणून मला न्यायचे ठरले. समुद्राखालून एक बोगदा आहे. त्यातून एक आगगाडी मोटारींना पोटात घेऊन पलीकडे नेते. ते ऐकून मला जो आनंद झाला तो काय सांगू! समुद्राखाली जायचे! डोक्यावरून मासे पोहत असतील, निळा उजेड असेल, अशी स्वप्ने मी गॅरेजमध्ये उभी राहून पाहिली.

लग्नाच्या दिवशी आम्ही फोकस्टनच्या स्थानकावर, म्हणजे जिथे मोटारी आगगाडीत चढवतात तिथे, भरपूर आधी पोहोचलो. फाटकावर एक कागद मिळाला. त्यावर 'के' हे अक्षर होते. तो माझ्या आरशाला अडकवायचा आणि फलकावर 'के' दिसले की निघायचे, इतके सोपे काम होते. आता यात कुणी चुकेल का? पण पुढे काय झाले ते ऐका. मैदानात एका कडेला पाच-सहा मोटारी एकामागे एक उभ्या होत्या. सेड्रिकरावांनी त्या पाहिल्या आणि मला सरळ त्यांच्या शेपटाला नेऊन लावले.

"कसली रांग आहे ही?" ग्वेनबाईंनी विचारले.

"माहीत नाही. पण रांग आहे म्हणजे कशाची तरी असणारच."

"मग उतरून विचार ना."

"असं कसं विचारणार? लोकांना वाटेल, हा पुढे घुसायला बघतोय."

ग्वेनबाईंनी थर्मासमधला चहा ओतला. तो संपला. दुसरा ओतला, तोही संपला. फलकावर 'के' उमटले ते मला दिसत होते. माझे तोंडच त्या बाजूला होते. पण सेड्रिकराव पुढच्या मोटारीचा मागचा दिवा बघत बसले होते, तो कधी हलतो म्हणून. मी मनातल्या मनात किंचाळत होते, पण उपयोग काय?

तेवढ्यात पुढच्या मोटारीतून टोपीवाले एक गृहस्थ उतरले आणि त्यांनी माझ्या बॉनेटवरून प्रेमाने हात फिरवला. "वा! काय ठेवलीय गाडी! लाखात एक आहे हो!" मित्रांनो, कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझे असे कौतुक करत होते, आणि ते मला नकोसे झाले होते.

"तुमचा नंबर कधी लागेल?" सेड्रिकरावांनी अदबीने विचारले.

"कसला नंबर?"

"ही रांग..."

"रांग कुठली? आम्ही जुन्या गाड्यांचे शौकीन. आमचा एक गडी सँडविच आणायला गेलाय, त्याची वाट बघतोय. तुम्हीही आमच्यातलेच असाल असं वाटलं. म्हटलं, लाजाळू दिसतात, बोलत नाहीत!"

ग्वेनबाईंनी डोळे मिटून घेतले. "सेड्रिक, गाडी सुरू कर," एवढेच त्या म्हणाल्या.

अजूनही आगगाडी मिळाली असती. पण वाटेत दोन रांगा एक होत होत्या. तिथे सेड्रिकरावांनी एका मोठ्या व्हॅनला हात केला, "आधी तुम्ही." मग तिच्यामागच्या जोडप्याला, मग त्यांच्यामागच्या, सुट्टीत राहायचे चाकांवरचे घर ओढणाऱ्या गाडीला. आमची पाळी आली आणि फाटकाचा दांडा खाली आला. आगगाडी भरली होती, आता पुढचीच मिळणार होती.

ग्वेनबाईंनी मुलीला फोन लावला. माझ्या बंद काचांमुळे रॉझचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "आई, बाबाला सांग, मी त्याचा हात धरूनच आत जाणार आहे. तो आल्याशिवाय मी आत पाऊलसुद्धा टाकणार नाही. त्याला म्हणावं, आज तरी धावत ये."

"येतोय म्हणावं," सेड्रिकराव म्हणाले आणि त्यांनी आपला टाय सरळ केला.

शेवटी आम्ही आगगाडीत शिरलो. आता बोगद्याचे सांगते. समुद्र दिसला नाही. मासा दिसला नाही. थेंबभर पाणी दिसले नाही! मला एका उजळ पत्र्याच्या डब्यात कोंबले, हँडब्रेक ओढला, काचा अर्ध्या खाली केल्या आणि पस्तीस मिनिटे दुसऱ्याच्या चाकांवर बसवून नेले. स्वतःची चार चाके असलेल्या मोटारीला याहून मोठा अपमान कोणता? आयुष्यात एकदा मी समुद्राखाली गेले आणि तिथे पाहिले काय, तर तसल्याच एका चाकांवरच्या घराची मागची बाजू.

फ्रान्समध्ये कॅलेला उतरलो तेव्हा उशीर झालाच होता, पण वेळ पुरती हातची गेली नव्हती. हमरस्ता सोडून लहान रस्त्याला लागलो आणि आमच्यापुढे गवताचे गठ्ठे लादलेला, रखडत चाललेला ट्रॅक्टर लागला. तिकडे सगळे रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि माझे स्टिअरिंग पडले उजव्या बाजूला. त्यामुळे सेड्रिकरावांना ट्रॅक्टरच्या पुढचे काही दिसेना. सगळा रस्ता दिसत होता तो ग्वेनबाईंना.

"मोकळा आहे. जा," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? चिटपाखरू नाहीये! जा!"

"लांब वळणावर काही दिसतंय का, नीट बघ."

त्या नीट बघेपर्यंत वळणावर खरेच एक मोटार आली. ती गेली. पुन्हा रस्ता मोकळा झाला, पुन्हा "नक्की?" झाले, आणि पुन्हा कुणीतरी आले. तिसऱ्या खेपेला सेड्रिकराव म्हणाले, "जाऊ दे ना. बिचाऱ्याला त्याचं काम असेल."

तेव्हा ग्वेनबाईंचा बांध फुटला. "सगळ्यांना कामं असतात, सेड्रिक! व्हॅनवाल्याला काम, ट्रॅक्टरवाल्याला काम. बँकेत तुझ्या हाताखालचे तुझ्या पुढे गेले, तेव्हाही तू दार धरून उभा होतास. मी एक शब्द बोलले नाही. पण आज जी पाळी तू देतोयस, ती तुझी नाहीये. ती रॉझची आहे. ती कुणाला देऊन टाकायचा तुला काय अधिकार?"

सेड्रिकरावांचे कान लाल झाले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "मोकळा आहे का?"

"आहे."

आणि मित्रांनो, ते गेले! त्यांनी माझ्या ॲक्सिलरेटरवर पाय असा दाबला की माझ्या जुन्या इंजिनाने घसा फाडून आवाज काढला. मी पळाले. कामगाराने म्हटले होते तशी पळाले. मागे केकचा डबा धडपडला, पण ग्वेनबाईंनी वळूनसुद्धा पाहिले नाही.

गावात शिरलो तेव्हा नगरभवनाची दारे उघडी होती आणि लोक पायऱ्यांवरून खाली येत होते. रॉझच्या केसांत फुलांच्या पाकळ्या अडकल्या होत्या. लग्न लागले होते.

सेड्रिकराव उतरले आणि माझे दार धरून तसेच उभे राहिले. रॉझ त्यांच्यासमोर आली. तिचे डोळे सुजले होते.

"कुणाला तरी आधी जाऊ दिलंस ना, बाबा?"

"मला वाटलं, रांग आहे, पोरी."

"मी पायरीवर उभी होते. पुढच्या लग्नाचं वऱ्हाड आलं, तरी उभी होते. महापौर म्हणाले, आत या, नाहीतर त्यांचं आधी लावतो. आणि माझ्या ओठांवर आलं होतं, लावा, त्यांचं आधी लावा! तुझीच मुलगी ना मी!" ती हसायला गेली आणि रडली. "शेवटी बास्तियेंच्या काकांनी मला आत नेलं. भला माणूस आहे. पण तो माझा बाप नाही."

सेड्रिकरावांनी माझे दार आणखी घट्ट धरले. मला त्यांचा राग आला होता, तरी त्या क्षणी माझ्याच्याने त्यांच्याकडे पाहवेना.

तिकडच्या रिवाजाप्रमाणे वऱ्हाडाच्या सगळ्या मोटारींना पांढऱ्या फिती बांधल्या होत्या. आता हॉर्न वाजवत, गावभर गोंगाट करत जेवणाला जायचे होते. आमच्याकडे हॉर्न वाजवणे म्हणजे चारचौघांत शिवी देणे, त्यामुळे माझा हॉर्न वर्षानुवर्षे कुणी ऐकलाच नव्हता. रॉझ नवऱ्याला घेऊन माझ्या मागच्या सीटवर चढली. सजवलेली मोटार त्यांच्यासाठी उभी होती, ती तशीच रिकामी राहिली. "बाबा, सगळ्यांत पुढे आपण," ती म्हणाली.

सेड्रिकरावांनी मला सुरू केले. तोच डावीकडून एका लाल मोटारीने नाक पुढे काढले. सेड्रिकरावांचा हात सवयीने वर गेला. "आधी तु..." आणि तो हात मध्येच थांबला. त्यांनी आरशात मागे पाहिले. मग हात खाली आणून हॉर्नवर ठेवला आणि आपला सगळा भार त्यावर टाकला. माझा आवाज फाटका होता, बेसूर होता, पण जेवणाची जागा येईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि मी बोंबलत होते.

पण मित्रांनो, हॉर्न वाजवून लग्न पुन्हा लागत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून तुम्हाला विनवते. माझ्यासारख्या म्हातारीला वेळेवर तेलपाणी द्या, ते तर कराच. पण परक्याला वाट देण्यासाठी हात वर कराल, तेव्हा आधी आपल्या गाडीत कोण बसले आहे आणि पुढे कोण आपली वाट पाहत उभे आहे, ते एकदा आठवा. त्या मुलीने आपल्या बापासाठी पायरीवर फार वेळ वाट पाहिली.