खंड्याचा बाप

नवऱ्याच्या थापा कडूबाईला नव्या नव्हत्या, पण ही थाप तिच्या डोक्यात जायची. तिसगावच्या बाजारात आसाराम वर्षानुवर्षं एकच बढाई मारत आला होता: आपला कुत्रा खंड्या लांडग्याचा. कुत्री माजावर आली तेव्हा तिला माळावर बांधून ठेवली, लांडगा आला आणि हे बीज निपजलं. लोक 'लांडगेवाला' म्हणून चहा पाजायचे आणि हे गृहस्थ मिशीला पीळ देत तो प्यायचे.

लांडगा कसला बोडक्याचा. कुत्री कडूबाईनंच शेजारगावच्या महमूदभाईंच्या शिकारी कुत्र्याकडे नेली होती. दुसरं कुणी लागू नये म्हणून नंतर माज उतरेपर्यंत घरात कोंडली होती.

बाहत्तरच्या दुष्काळाचं साल. माणसं खडी फोडायला जात होती आणि उरल्यासुरल्या मेंढ्यांवर घरं तगून होती. अशात शेजारच्या सहादेवच्या तीन मेंढ्या गळे फाडलेल्या सापडल्या. सकाळीच तो तिघांना घेऊन दारात आला. सगळ्यांच्या हातात काठ्या होत्या.

"लांडग्याचं रगात हाय, वैनी. आज मेंढ्या, उद्या पोरं. खंड्याला ठेवायचा न्हाई."

"म्हमूदभाईच्या कुत्र्याचा हाय त्यो. मी सोता नेल्ती कुत्री."

"तुमचं मालकच समद्या बाजाराला सांगत्यात की."

कडूबाई नवऱ्याकडे वळली. "आता बोला की. तोंड शिवलंय का तुमचं?"

आसाराम त्या चौघांकडे बघत राहिला. त्यांचाच चहा तो इतकी वर्षं प्याला होता. शेवटी म्हणाला, "बायकांना काय कळतंय त्यातलं."

कडूबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ती सहादेवची काठी हिसकायला धावली, तशी दोघांनी तिला धरून ठेवली.

खंड्या लांब मेंढ्यांपाशी उभा होता. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा होता. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून तो कडूबाईनंच बांधला होता. काठ्या बघून खंड्या गुरगुरत होता, कुणाला जवळ येऊ देईना.

"तूच हाक मार," सहादेव आसारामला म्हणाला.

आसारामनं हाक मारली. खंड्या कान पाडून, शेपूट हलवत धावत आला आणि त्याच्या पायाशी बसला. पहिली काठी पडली तेव्हाही तो आसारामच्याच पायांत शिरला.

सगळं संपल्यावर त्यांनी तिला सोडलं.

"लांडग्याचा असता तर हाकेला आला असता व्हय रं, सहादेवा?" तिनं विचारलं. चौघंही खाली मान घालून निघून गेले.

कडूबाईनं खंड्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि नवऱ्याच्या पुढ्यात टाकला.

"आज राखणीला तुमी जायचं. अन् लांडगा आला तर सांगा त्याला, सोयरा हाय म्हून."